टेस्टिंगची खुर्ची

कुठलीही बिघडलेली वस्तू समोर आली की तो आधी तिचा वास घ्यायचा. रेडिओ असो, भिंतीवरचं घड्याळ असो, नाहीतर कुणाचा पेटायचा बंद झालेला टॉर्च असो. वस्तू नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, एक लांब श्वास ओढायचा आणि मग गिऱ्हाइकाकडं बघून म्हणायचं, "मेलेलं न्हाय. रुसलंय."

असा एखादा कारागीर तुमच्याही गावात असेल. पण खरं सांगतो, त्या वासाचा आणि दुरुस्तीचा काडीचाही संबंध नव्हता. मी त्याला तसं तोंडावर बोललो होतो. तो म्हणाला, "साहेब, दूध घेताना तुमी वास घेता का न्हाय? मग? दूध तुमचं, रेडिओ आमचा." मला यावर उत्तर सुचलं नाही. आणि उत्तर न सुचणं मला अजिबात आवडत नाही.

मी तेव्हा भूमला दूध संकलन केंद्रात कारकून होतो. दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायची आणि गवळ्यांच्या शिव्या खायच्या, एवढं माझं काम. केंद्राच्या कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून त्याची पत्र्याची टपरी उभी होती. अख्खं गाव त्याला मेकॅनिक म्हणायचं. मीही मेकॅनिकच म्हणायचो, आणि इथंही तेच म्हणतो.

टपरीत पाय ठेवायला जागा नसायची. तारा, फुटके स्पीकर, रेडिओची रिकामी खोकी, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध एक भारदस्त लाकडी खुर्ची. फिरती, दणकट हातांची, डोकं टेकवायला पाठीला चामड्याची उशी असलेली. बघताक्षणी कळायचं की ही न्हाव्याची खुर्ची आहे. त्याचा आजा आमच्याच गावात, भूमपासून दोन कोसांवर, लिंबाच्या झाडाखाली बसून गावची हजामत करायचा. बापानं भूमला येऊन दुकान टाकलं आणि ही खुर्ची आणली. ह्यानं बापामागं वस्तरा पेटीत टाकला आणि पेचकस हातात धरला. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "हजामतीला बसलेला माणूस बोलायचा थांबत न्हाय. रेडिओ निदान बंद तरी करता येतो." हे एवढं सांगायला त्याला अर्धा तास लागायचा.

आता त्याच्या कामाबद्दल. तो वाईट कारागीर नव्हता, पण वस्तू जोडून झाली की दोन-तीन स्क्रू उरायचेच. एकदा मी ते बोटानं दाखवले. त्यानं शांतपणे उचलून डब्यात टाकले. "कंपनी जास्तीचे घालती, साहेब. तिकडं पाऊसपाणी बरं आसतंय. उधळपट्टी करत्यात."

आमच्या केंद्रातलं भिंतीवरचं घड्याळ त्यानंच दुरुस्त केलं होतं. वेळ अगदी बरोबर दाखवायचं, पण पहाटे पाचला नऊ टोल द्यायचं. चेअरमनसाहेब तणतणत टपरीवर गेले. हा म्हणाला, "काटं बरोबर हायत का न्हाय? मग टोल कशाला मोजायचे?" साहेब परत आले. पुढं गवळ्यांनाच त्याची इतकी सवय झाली की ते एकमेकांना सांगायचे, नवाच्या टोलाला दूध घालायचंय. कुणी फार घाई केली, कुरकूर केली, तर मेकॅनिकचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कळंबला न्या की. तिथं लई हुशार लोकं हायत." शेजारच्या कळंबचं नाव घेतलं की त्याच्या नाकपुड्या फुगायच्या.

जे दुरुस्त व्हायचंच नाही ते तो वरच्या फळीवर ठेवायचा. ती फळी म्हणजे रुसलेल्यांची. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले रेडिओ तिथं होते. पण "मेलं", "खलास झालं" हे शब्द त्या टपरीत चालत नसत. मालकांनाही त्याचं वाईट वाटत नसे. आपली वस्तू मेली म्हणून घरी जाण्यापेक्षा रुसली म्हणून गेलेलं बरं वाटत असावं.

आता आबांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. धर्मांतराच्या आधीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या अंगाला गावच्या न्हाव्यानं हात लावायचा नाही, असा गावाचा रिवाज होता. आबांचं लग्न ठरलं. तरणंताठं पोर, मनात आलं की नवरदेवासारखी न्हाव्याकडून दाढी करून घ्यावी. गेले लिंबाखाली. न्हाव्यानं लांबूनच नको म्हणून हात हलवला. त्याच सकाळी त्यानं पाटलाची म्हैस भादरली होती. आबा ही गोष्ट सांगताना शेवटी एवढंच म्हणायचे, "म्हशीला चाललं."

तो न्हावी म्हणजे मेकॅनिकचा आजा.

आबा त्या दिवसापासून स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले. पुढं साऱ्या वस्तीची केली. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा वस्तीतला एकेक माणूस आबांनी आपल्या हातानं गुळगुळीत करून उभा केला होता. नंतर दिवस बदलले. भूमच्या सलूनात आम्ही पोरं खुशाल जाऊन बसायला लागलो. आबा मात्र गेले नाहीत. "न्हाव्याचा हात माझ्या तोंडाला लागणार न्हाय. त्यांनी नको म्हनलं ते एकदा, म्या नको म्हनतो ते जन्माचं." आणि दरसाल चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, पांढरा सदरा घालून, आरशासारखा चेहरा घेऊन आबा वस्तीपुढं उभे राहायचे आणि वंदना सांगायचे. तो त्यांचा मान होता. दाढीचा एक खुंट दिसला तरी त्यांना तो मान गेल्यासारखा वाटायचा.

म्हातारपणी आबांचे हात थरथरायला लागले. वस्तरा तर लांबच, ब्लेडचं मशीनसुद्धा धरवेना. गालावर रोज नवी चीर. मी म्हटलं, मी करतो. एकदाच केली. कानाखाली कापलं. आबा टॉवेलनं रक्त पुसत म्हणाले, "फॅट काढायची सवय तुझी. कातडी कशाला काढलीस?" त्यानंतर मला परत कधी संधी मिळाली नाही.

माझा धाकटा भाऊ कुवेतला वेल्डर होता. सुट्टीवर आला तेव्हा आबांसाठी दाढीचं मशीन घेऊन आला. बिनवायरचं. एकदा चार्ज केलं की आठवडाभर हातात धरून फिरावं. पाणी नको, साबण नको. हात कितीही थरथरला तरी कापायची भीती नाही. आबा ते सुरू करायचे आणि वस्तीतून गुरगुर करत चक्कर मारायचे. ते साल दुष्काळाचं होतं. टँकर आला की घागरींवर घागरी आदळायच्या, आणि आबा कट्ट्यावर बसून कोरडी दाढी करत लोकांना ऐकवायचे, "थेंबभर पाणी लागत न्हाय. सरकारनं समद्यांना द्यावं." बाया त्यांना काय काय बोलायच्या ते इथं लिहीत नाही.

दोन वर्षं चाललं आणि मग एके दिवशी बसलं. चार्जिंगला लावलं तर दिवा लागायचा, पण उचललं की गप्प. आबांनी ते झटकलं, उन्हात ठेवलं, ज्वारीच्या कणगीत पुरून बघितलं. काही नाही. जयंती महिन्यावर आली होती. आबांच्या गालावर पांढरे खुंट उगवले, मग त्यांची दाढी झाली. ते बाहेर पडेनात. एक दिवस मला म्हणाले, "औंदा वंदना दुसऱ्या कुणाला तरी सांगू दे. म्या मागं बसतो." आबांना मागं बसलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं.

मी मशीन रुमालात बांधलं आणि आबांना न सांगता मेकॅनिककडं घेऊन गेलो.

त्यानं वास घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. "आबाचं हाय का हे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ह्या तालुक्यात असलं मशीन दुसऱ्या कुणाकडं हाय?" तो म्हणाला. म्हणजे नाकाचा इथंही काही उपयोग झाला नव्हता. मग नेहमीचं वाक्य आलंच. "मेलेलं न्हाय. रुसलंय."

मशीन उघडलं. आत दोन सेल. पत्र्याच्या पट्टीनं एकमेकांना चिकटवलेले, एका बाजूला खाच, दुसऱ्या बाजूला कानासारखं काहीतरी. बाजारात मिळतो तसला सेल नव्हताच तो. त्या कंपनीचा, त्याच मशीनपुरता. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला. "कंपनीनं सोयरीक घरातल्या घरातच ठेवलीय. भायेरची पोरगी करायची न्हाय म्हंजे."

नमुना म्हणून तो सेल सोलापूरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. कंडक्टर भला माणूस. तिथं दुकानादुकानात हिंडला आणि संध्याकाळी नमुन्याबरोबर मनगटी घड्याळाचा सेल घेऊन आला. "बसंल की, बारीक हाय."

मग मेकॅनिकनं दोन पेन्सिल सेल मशीनच्या बाहेरून सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधले. मशीन सुरू झालं. चाचणी म्हणून त्यानं स्वतःच्या डाव्या हातावर फिरवलं. मनगटापासून वर निम्मा हात गुळगुळीत झाला, आणि तिथंच सेलांनी मान टाकली. मशीन थांबलं ते हाताचे केस धरूनच थांबलं. ओढलं तर जीव जायचा. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. हातावर मशीन लटकवूनच मेकॅनिकनं त्याचा रेडिओ घेतला, वास घेतला आणि सांगितलं, "रुसलाय." ते गिऱ्हाईक त्या हाताकडं बघत बघत बाहेर गेलं. पुढं कितीतरी दिवस मेकॅनिकचा एक हात केसाळ आणि एक निम्मा तुळतुळीत होता. विचारलं तर तो म्हणायचा, "सॅम्पल हाय."

शेवटी उपाय निघाला तो आमच्याच केंद्राच्या भंगारातून. दुधाच्या टेम्पोची जुनी बॅटरी पडली होती. चेअरमनसाहेबांना विचारून ती त्याला दिली. त्यानं वरचं डांबर खरवडून काढलं, आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या केल्या आणि एकेका जागी बल्ब लावून बघितला. "साहेब, ही सहा घरांची चाळ हाय. पाच घरं बसलेली. पण ह्या एका घरात अजून दिवा लागतोय. आपल्याला तेवढाच दिवा पुरतो." सबंध बॅटरीवर मशीन जळून गेलं असतं. एका घरावर ते आरामात गुरगुरायला लागलं. मी जागच्या जागी खूश झालो. त्याला मिठीच मारणार होतो, पण त्याच्या हाताला ॲसिड होतं.

तर असं ते बिनवायरचं मशीन. आता त्याला दोन वायरी होत्या, दोन चिमटे होते, आणि दोन माणसांनी उचलावी अशी बॅटरी होती. बॅटरी खुर्चीखाली ठेवली होती. वायर जेमतेम खुर्चीच्या उशीपर्यंत पोचायची.

"वायर लांब करा. बॅटरी टेम्पोत टाकून घरी नेतो," मी म्हटलं.

"लांब वायरीत करंट दमतो, साहेब. आन् बॅटरी म्हातारी हाय. जागची हलवली की रुसंल. आबांनाच हिकडं घेऊन या."

मी घरी जाऊन आबांना सांगितलं. मशीन चालू झालंय, पण ते तिकडंच चालतं. आबांनी विचारलं, "कुठं तिकडं?" मी सांगितलं. कुणाचा नातू ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते संध्याकाळी जेवले नाहीत. मला स्वतःचाच राग आला. कशाला या भानगडीत पडलो असं झालं. सकाळी उठून बघतो तर आबा पांढरा सदरा घालून सायकलीच्या कॅरियरपाशी उभे. "चल," म्हणाले. "मशीन माझं हाय. बघू काय केलंय त्याचं."

बाजारचा दिवस होता. दूध घालून मोकळे झालेले गवळी टपरीपुढं विड्या ओढत बसले होते. आबा आत गेले, त्यांनी खुर्ची बघितली आणि तिथंच थांबले. मी दुधाचा एक रिकामा कॅन पालथा घालून दिला. आबा त्यावर बसले. मेकॅनिकनं वायर ओढली. हातभर कमी पडली.

"आबा, वायर आखूड हाय," तो म्हणाला.

"लांब कर."

"करंट दमतो."

"ही खुर्ची कुणाची?"

"बापाची."

"आन् बापाचा बाप लिंबाखाली बसायचा. म्या गेलतो त्याच्याकडं, लग्नाच्या आदल्या दिशी." आणि आबांनी सगळ्यांदेखत ती गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही. शेवटी तेच म्हणाले, "म्हशीला चाललं."

गवळ्यांच्या विड्या विझल्या. मला वाटलं, संपलं, आता आबा उठून निघणार आणि या वर्षी मागं बसणार.

मेकॅनिक पेचकस हातात घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली. "आमच्या आज्याचं चुकलं, आबा. लई चुकलं. म्हशीएवढी बी अक्कल नव्हती त्याला." मग म्हणाला, "पर म्या न्हावी न्हाय. म्या मेकॅनिक. हा वस्तरा न्हाय, मशीन हाय. आन् तुमी हजामतीला आलेले न्हाय. तुमचं मशीन नीट झालंय का न्हाय, ते मालकानंच बघाया पायजे. टेस्टिंगला बसा."

आबांनी मशीनकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. मग उठले, सदरा सावरला आणि खुर्चीत जाऊन बसले. "टेस्टिंगला बसतो," ते गवळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मशीन आधी त्यांनी स्वतःच धरलं. पण हात थरथरला की चिमटा निसटायचा आणि गुरगुर बंद पडायची. दोनदा झालं, तीनदा झालं. मेकॅनिक म्हणाला, "चिमटा सैल हाय. जरा म्या धरू का, टेस्टिंगपुरता?" आबांनी मशीन त्याच्या हातात दिलं. त्यांनी हनुवटी वर केली.

मग मी एक गोष्ट बघितली. मेकॅनिकनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी आबांचा गाल ताणला, अंगठ्यानं हनुवटी वळवली, नाकाखाली मशीन अलगद उभं धरलं. एरवी स्क्रू बसवताना अडखळणारे त्याचे हात कुठंच अडखळले नाहीत. हे हात पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले होते. शेवटी त्यानं ओल्या फडक्यानं आबांचं तोंड पुसलं आणि गालांवर दोन हलक्या चापट्या मारल्या, मग एकदम दचकून हात मागं घेतला. सवयीनं झालं होतं. आबांनी गालावरून हात फिरवला. "मशीन बरं झालंय," ते म्हणाले.

त्या वर्षी जयंतीला आबा पुढं उभे राहिले.

पुढं मात्र नवीनच सुरू झालं. दर बाजारच्या दिवशी आबांचं टेस्टिंग. कितीतरी वर्षं. माझ्या सायकलीवर बसून यायचे, खुर्चीत बसायचे आणि दोघांचं भांडण सुरू व्हायचं. मेकॅनिकनं आबांना गाणी ऐकवायची, आबांनी बातम्या लावायला सांगायचं. आबा म्हणायचे, ह्या रेडिओतल्या बाईचा आवाज घोगरा झालाय. तो म्हणायचा, बाईला सर्दी हाय, रेडिओ ठणठणीत हाय. बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला कंटाळून धंदा सोडलेला हा माणूस आबांशी तासतासभर बोलायचा. भर रस्त्यात कुणी आबांना विचारलं, "काय आबा, दाढीला?" तर आबा ताठ होऊन सांगायचे, "टेस्टिंगला."

पहिली सुगी आली तेव्हा आबा पायलीभर ज्वारी घेऊन गेले. गावचा न्हावी सुगीला शेतकऱ्याकडून वर्षाचं धान्य न्यायचा, ती रीत तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडून कधी कुणी नेलं नव्हतं, कारण आमचं काम कुणी केलंच नव्हतं. मेकॅनिकनं सदऱ्याची झोळी करून पुढं केली आणि ज्वारी ओतून घेतली. मला वाटतं, दोघांनाही काय चाललंय ते नीट कळत होतं. पुढच्या साली पाऊस नव्हता. आबांनी ओंजळभरच नेली. तो म्हणाला, "चालतंय. मशीन बी औंदा हळूच चालतंय."

बॅटरीतलं ते एक घर मधूनमधून बसायचं. तो ते चार्ज करायचा, पाणी घालायचा, समजूत काढायचा. मी दर वेळी म्हणायचो, आता हे काही खरं नाही. तो नाक बॅटरीपाशी नेऊन म्हणायचा, "रुसलंय." आणि पुढच्या बाजाराला ते खरंच चालायचं.

मग तो आजारी पडला. पोटाचं दुखणं. सोलापूरला नेलं, परत आणलं. मी आणि आबा भेटायला गेलो. खाटेवर निम्मा उरला होता. त्याची बायको, माणसं, सगळी भोवती उभी. आबा खाटेपाशी गेले, काठी बाजूला ठेवली, हळूच वाकले आणि त्याच्या कपाळापाशी नाक नेऊन एक लांब श्वास ओढला. डोळे मिटले. मग वळून सगळ्यांना म्हणाले, "मेलेलं न्हाय. रुसलंय."

तो इतका हसला की पोट धरून कण्हायला लागला. वहिनी रडतारडता हसल्या. मीही हसलो. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "उठतो बघ." पण आबांच्या नाकाचं काही खरं ठरलं नाही. सुगी निघायच्या आत तो गेला.

वहिनींनी मला निरोप पाठवला. टपरी रिकामी करायची होती, आबांचं मशीन आणि बॅटरी घेऊन जा म्हणाल्या. मी आणि आबा गेलो. रुसलेल्यांच्या फळीवरचे रेडिओ तसेच होते. आमच्या मशीनचा तो कान असलेला सेलही तिथंच, कागदात गुंडाळलेला. मी बॅटरी खुर्चीखालून ओढायला वाकलो आणि उठताना समोरच्या खिळ्याला डोकं लागलं. खिळ्यावर वायरचं भेंडोळं होतं. चांगली करंगळीएवढी जाड वायर. सोडवून बघितली तर आमच्या घरातल्या कुठल्याही कोपऱ्यात पोचेल एवढी लांब. एका टोकाला बॅटरीचे चिमटे, दुसऱ्या टोकाला आमच्या मशीनची पिन. कथलाचा डाग देऊन, पट्टी गुंडाळून सगळं तयार. चिमट्यांवर कित्येक वर्षांची धूळ. असल्या जाड वायरीत करंट दमायचं काही कारण नव्हतं, एवढं मलाही कळतं.

मला आधी राग आला. मी इतकी वर्षं सायकल हाणली होती. "आबा, बघितलं का? लांब वायर होती. तयार करून ठेवली होती. ह्यानं आपल्याला उगाच..."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापास्नं. खुर्चीत बसल्यावर समोर तेच तर दिसतं." ते खुर्चीच्या हातावरून हात फिरवत होते. "आज ना उद्या तो म्हनंल, आबा, घ्या वायर, घरीच करा. लई भ्या वाटायचं मला. पर न्हाय म्हनला."

मला बोलायला काही सुचलं नाही. त्या दिवशी मात्र त्याचं वाईट वाटलं नाही.

आबांनी वहिनींना विचारून खुर्ची मागून घेतली. दुधाच्या टेम्पोत घालून घरी आणली, ओसरीवर ठेवली, बॅटरी तिच्याखाली. आबा दमून खाटेवर बसले होते. मी लांब वायर सोडली आणि खाटेपर्यंत नेली, म्हटलं, इथंच बसा, आता उठायचं काम नाही.

आबा म्हणाले, "ती गुंडाळून ठेव. आखूडच लाव."

आणि काठी टेकत उठले, सदरा सावरला, खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी हनुवटी वर केली.